चौदावरून दहाला

मोबाईल खाली ठेवा. उजेड डोळ्यांत येतोय. गोष्ट ऐकायची तर अंधारात ऐका, नाहीतर घरी जा.

ही ऐकीव नाही. ज्याच्यावर गेली तो चंदर आपल्याच आळीतला. जेट्टीवर जाळी शिवत बसलेला रोज दिसतो तुम्हाला. डाव्या हाताची दोन बोटं नाहीत त्याला. होडीवरच्या जाळं ओढायच्या विंचमध्ये गेली. दर्या सुटला, तेव्हा आगरदांड्याच्या अलीकडे खाडीकाठी मासळीचं एक कोल्ड स्टोरेज होतं, तिथं तो रात्रपाळीला लागला. गेटवरची केबिन, टेलिफोनची पेटी आणि एक लाकडी खुर्ची. एवढ्याचा तो राजा.

दोन हजार एकोणीस साल. मे महिन्याची नऊ तारीख, गुरुवार. रमजान लागून तीन रोजे झाले होते. त्या दिवशी सकाळी चंदर एसटीनं अलिबागला गेला. काम साधंच. प्रिंटरचा कागद संपला होता, तो आणायचा.

तो प्रिंटर आधी समजून घ्या. केबिनच्या भिंतीवर टेलिफोनची पेटी होती. सगळ्या कारखान्याचे फोन तिथून फिरायचे. ऑफिसचा नंबर अकरा, बर्फाच्या खात्याचा बारा, थंड खोलीच्या आतला चौदा, आणि चंदरच्या केबिनचा दहा. पेटीखाली जुना प्रिंटर. कुठलाही फोन संपला की करर्र करून एक ओळ छापायचा. मालक केतनशेठ महिन्याच्या महिन्याला तो कागद मागवायचा आणि कामाच्या वेळी कोण कुणाशी गप्पा मारतं ते बघायचा.

अलिबागला प्राप्ती नावाची मुलगी असल्या पेट्या दुरुस्त करायची. तिच्याच दुकानात कागद मिळायचा, दोन्ही कडांना भोकं असलेला.

"काका, अजून चालतोय तुमचा प्रिंटर?" तिनं विचारलं. "अहो, त्याला आता पेन्शन द्या."

"आमाला कोन देतंय, त्याला देऊ?" चंदर म्हणाला.

"ओळ वाचता येते ना अजून? सांगा बघू."

चंदर चौथी शिकलेला. पण त्या ओळीचा त्याला अभिमान. त्यानं घडाघडा सांगितलं, "पयला आकडा फोन कुनी लावला त्याचा. दुसरा कुनाला लावला त्याचा. मग तारीख, मग टाइम. मग किती येळ. शेवटी उचलला का न्हाय ते. आनि आलेला फोन मी दुसरीकडं जोडून दिला तर खाली आनखी एक ओळ, तिच्याम्होरं टी."

"आणि बोलले काय, ते?"

"ते मशीनला कशाला?"

"शाब्बास. मशीनला बोलणं कळत नाही काका. कोणी कोणाला बोलावलं आणि समोरच्यानं ओ दिली का, एवढंच ते लिहितं. पण लिहिलेलं बदलत नाही."

कागदाचा गठ्ठा खांद्यावर टाकून चंदर मुरूडला उतरला. तिथून विक्रम रिक्षानं खाडीवर आला, तेव्हा दिवेलागण झाली होती.

रात्री आठला केबिनपाशी हारिस आला. पलीकडच्या मोहल्ल्यातल्या गुलबानूखालाचा एकुलता एक. चोवीस वर्षांचा. थंड खोलीत माल लावायचं काम. रमजानात तो आपल्या सहेरीचा डबा चंदरच्या टेबलावर ठेवायचा आणि पहाटे चारला येऊन खायचा. थंड खोलीत डबा दगड होतो.

"चंदरमामा, आज रात्री तरी फोन उचलशील का?" तो हसत म्हणाला.

"तिसऱ्यांदा वाजला तर उचलीन."

"भुताकडं फोन असतो होय? रिचार्ज कोन मारतं त्याला?"

"तू नको मारूस म्हंजे झालं."

हसू नका. आपल्याकडे रात्रीच्या हाकेला कुणी ओ देत नाही. पहिलीला नाही, दुसरीला नाही. तिसरी आली तर समजायचं, माणूस आहे. जे माणूस नाही त्याला तिसरी हाक मारता येत नाही. चंदरचा बाप तांडेल, होडीचा कप्तान होता. दर्यात रात्र काढताना त्यानं हे पोराला शिकवलं, आणि पोरानं तोच नेम पुढं फोनला लावला. बारा वाजून गेले की पहिला फोन नाही, दुसरा नाही. ज्यांना काम असायचं ते तिसऱ्यांदा करायचे. वर्षं अशीच गेली. कुणाचं काही अडलं नाही.

त्या रात्री अडलं.

थंड खोलीच्या दाराची आतली मूठ महिनाभर मोडलेली होती. केतनशेठला दोनदा सांगून झालं होतं. तोवर पोरं दारात लाकडाचा ठोकळा अडकवून आत जायची. दोनच्या सुमाराला हारिस एकटा आत गेला. बाकीचे खाडीवर होडी उतरवायला गेले होते. ठोकळा निसटला. दार लागलं.

दोन वाजून अकरा मिनिटांनी केबिनमधला फोन वाजला.

चंदर जागा होता. हात मांडीखाली घेऊन बसला. फोन वाजला, वाजला, थांबला. मागं प्रिंटर करकरला.

दोन सोळाला पुन्हा वाजला. जास्त वेळ. चंदरनं डोळे मिटून एकवीरा आईचं नाव घेतलं. फोन थांबला. पुन्हा प्रिंटर करकरला.

मान वळवली असती तर चौदाचा आकडा दिसला असता. त्यानं वळवली नाही. तो तिसऱ्या फोनची वाट बघत बसला.

तिसरा आला नाही.

चार वाजले. टेबलावरचा डबा तसाच. चंदरला वाटलं, पोरगा आज सहेरीला घरी गेला असेल.

होडीवरची पोरंही परस्पर घरी गेली होती. सकाळपाळीवाल्यानं थंड खोलीचं दार उघडलं तेव्हा पाच पंचावन्न झाले होते. हारिस दाराला पाठ लावून बसलेला. रिसिव्हर मांडीवर. उजव्या हाताची बोटं आकडून मुठीत गेलेली. दहा नंबर लावायला एक बोट पुरतं. तेवढंही चाललं नसेल.

ओरडा ऐकून चंदर धावत गेला, बघितलं, आणि धावत केबिनमध्ये परत आला. कागदावर दोन ओळी होत्या. चौदावरून दहाला, दोन अकरा, एकतीस सेकंद, उचलला नाही. चौदावरून दहाला, दोन सोळा, चव्वेचाळीस सेकंद, उचलला नाही.

त्यानं तेवढा कागद फाडला आणि खाडीत सोडला. ओहोटी होती. घेऊन गेली.

दुपारी केतनशेठनं ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं.

"चंदर, रात्री आतून फोन आलेला?"

उत्तर शेठनंच दिलं.

"नाही आला. बरोबर ने?"

"...न्हाय आला, शेठ."

"बस. एवढंच लिहिलंय. सही कर."

कागदावर हारिसचीच हलगर्जी असं लिहिलं गेलं. तोंडातोंडी त्याचं झालं, पोरगा पिऊन पडला होता. शुद्ध असती तर फोन नसता केला? भर रमजानात, रोजेदार पोरगा, आणि पिऊन मेला. ज्यांनी त्याला खांदा दिला तेच पाठ वळल्यावर हे बोलायला लागले.

चौथ्या दिवशी गुलबानूखाला केबिनच्या दारात येऊन उभी राहिली. रडत नव्हती.

"चंदर, मला कोनाकडून काय नको. एकच सांग. माझ्या पोरानं फोन केलेला का? केला असंल तर तो शुद्धीत होता. एवढं मला लोकांच्या तोंडावर मारू दे."

चंदरनं तिच्याकडे बघितलं नाही.

"न्हाय खाला. फोन न्हाय वाजला."

तिनं डोक्यावरची ओढणी सावरली. मग गेली.

त्याच रात्री सुरू झालं. दोन अकराला फोन वाजला नाही. पण प्रिंटर करकरला.

चंदर उठला. कागद बघितला. चौदावरून दहाला. एकतीस सेकंद. उचलला नाही.

पाच मिनिटांनी दुसरी ओळ. चव्वेचाळीस सेकंद.

थंड खोलीतला फोन तर पंचनाम्याच्या दिवशीच काढून नेला होता. भिंतीतून नुसती वायर लोंबत होती.

त्यानं कागद फाडून खाडीत सोडला. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तेच. रोज दोन ओळी, रोज खाडी. आठ दिवसांनी त्यानं अलिबागहून प्राप्तीला बोलावून घेतलं. काय छापतंय ते सांगितलं नाही. चौदाची लाइन तोड, एवढंच म्हणाला. तिनं पेटी उघडून वायर कापली आणि तुकडा त्याच्या हातात दिला.

"घ्या काका. आता चौदा नंबर जगात नाही."

"जुनं फोन पेटीत ऱ्हातात काय गो? धा-बारा दिसांआधीचं?"

"ठरावीक ओळी राहतात. नव्या आल्या की जुन्या पुसल्या जातात. का?"

"उगाच."

त्या रात्री दोन अकराला प्रिंटर करकरला. तुकडा चंदरच्या खिशात होता.

घरी तो कुणाशी बोलेना. रात्री दोन ओळी छापायच्या, पहाटे तो त्या खाडीत सोडायचा, आणि संध्याकाळी पुन्हा कामावर जायचा. कुणी म्हणेल, नोकरी सोडायची होती. आठ बोटांच्या माणसाला कोण घेतो होडीवर? आणि सोडली असती तर लोकांनी विचारलं असतं, का सोडलीस.

जून उजाडला. एक तारखेपासून मासेमारी बंद. होड्या वर ओढल्या, माल गेला, थंडीची यंत्रं थांबली. कारखान्यात त्या रात्री चंदर एकटा. शनिवार होता. रमजानची सत्ताविसावी रात्र. पलीकडच्या मोहल्ल्यात घराघरांत दिवे होते, बायामाणसं जागून नमाज पढत होती. इकडे सगळं गप्प. यंत्रांचा आवाज कायम कानात असतो, तो थांबला की माणसाला आपलाच श्वास ऐकू येतो.

दोन अकरा. प्रिंटर करकरला.

दोन सोळा. करकरला.

चंदर कागद फाडायला उठला.

दोन चोवीस...

फोन वाजला.

खरा वाजला. टेबल थरथरलं.

तिसरा.

एवढी वर्षं तो तिसऱ्यालाच उचलत आला होता. हात आपसूक गेला. मध्येच थांबला. फोन वाजत होता. वाजतच होता. चंदरला वाटलं, आता थांबला तर पुन्हा कधीच वाजणार नाही.

त्यानं उचलला.

आवाज नव्हता. गारवा होता. रिसिव्हरमधून गारवा येत होता. आणि लांबून... कुणीतरी दात आवळून श्वास घेत होतं.

"कोन?"

...

"हारिस?"

...

चंदरच्या तोंडून निघून गेलं. "मी ऐकला व्हता. दोनदा वाजला. मी उचलला न्हाय. तुज्या आयला मी खोटं सांगितलं."

श्वास थांबला.

मग पुन्हा सुरू झाला.

चंदरला एवढंच आठवतं. रिसिव्हर कानाला चिकटला होता. काढता येईना. एक मिनिट गेलं असेल, फार तर दोन. मग फोन मेला आणि त्यानं तो खाली ठेवला.

मान वर केली. खिडकीत उजाडलं होतं.

पहाटेची अजान झाली कधी, कावळे बोलले कधी, काही कळलं नव्हतं. मागं प्रिंटर करकरला. या वेळी दोन ओळी लागोपाठ छापल्या. चौदावरून दहाला, दोन चोवीस, उचलला. पुढं वेळ... तीन तास एकतीस मिनिटं.

मनाशी हिशोब केला. पाच पंचावन्न. त्या सकाळी थंड खोलीचं दार उघडलं ती वेळ.

खालच्या ओळीपुढं टी होता. दहावरून बाहेर. दहा आकडी मोबाईल नंबर. चंदरनं तो कधी लावलेला नव्हता. त्याला माहीतही नव्हता.

कागद फाडून तो निघाला. या वेळी खाडीकडे गेला नाही. पाय मोहल्ल्याकडे वळले. गुलबानूखालाचं घर शेवटचं. ती दारात पायरीवर बसली होती. हातात साधा बटनांचा मोबाईल.

"ये," ती म्हणाली. "तुझीच वाट बघत होते."

चंदरनं कागद पुढं केला. तिनं घेतला नाही.

"नंबर माझाच हाय. वाचायची गरज न्हाय. दोन वाजून गेलेले, मी नमाजीवर होते. फोन आला. आधी तुझा आवाज आला. तू बोललास ते सगलं ऐकलं."

"खाला..."

"गप बस. मग त्याचा आवाज आला. पाचपर्यंत बोलला. नंतर नुसता श्वास. नंतर तोपन न्हाय. मी फोन ठेवला न्हाय. कोनीतरी दार उघडल्याचा आवाज आला, तवा कट झाला."

"काय बोलला तो?"

"ते माझं हाय. तुला कशाला सांगू?"

चंदर तिच्या पायाशी बसला. म्हणाला, "तिसऱ्या फोनला मी उचलनार व्हतो खाला. एकवीरेची आन. आमच्यात पयल्या दोन हाकांना..."

"ठाऊक हाय तुमच्यात काय असतं. आमच्यातपन म्हातारी मानसं तेच सांगतात." ती उठली. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "माझा पोर मानूस होता, चंदर. मानूस दोनदाच बोलवतो. मग समजून जातो."

आणि तिनं दार लावलं.

ईदच्या दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांना मशिदीच्या अंगणात बोलावलं. जमातीची वडील माणसं होती, कोळीवाड्यातले आम्ही तिघं होतो, केतनशेठ होता, अलिबागहून प्राप्तीही आली होती. चंदर उभा राहिला. हात बांधून सगळं सांगितलं. फोन आला होता. दोनदा. मी उचलला नाही. कागद मी फाडला. पोरगा शुद्धीत होता.

केतनशेठनं चंदरनं आणलेला कागद हातात घेतला, उलटा सुलटा करून बघितला.

"दोन जून तारीख आहे. पोरगा दहा मेला गेला. आतला फोन कारखान्यातून कधी काढला?"

"पंचनाम्याच्या दिवशीच," कुणीतरी म्हणालं.

"मग दोन जूनला केला कोणी? आणि तीन तास? अरे चंदर, तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय भाई. डॉक्टरला दाखव."

प्राप्तीला विचारलं. ती खाली बघून म्हणाली, "पेटीतल्या नोंदी मी काढून बघितल्या. मे महिन्याच्या त्या ओळी राहिलेल्या नाहीत. पुसल्या गेल्या. आणि दोन जूनच्या रात्री... तिथं एकही फोन नाही."

"बाहेर गेलेला?"

"तोही नाही."

गुलबानूखालानं आपला मोबाईल दाखवला. त्यातही काही नव्हतं.

एक खरी नोंद होती. ती चंदरनं आपल्या हातानं ओहोटीला दिली होती. खोटं बोलला तेव्हा अख्ख्या गावानं त्याचा शब्द मानला. खरं बोलला तेव्हा एकानंही मानला नाही. केतनशेठ गाडीत बसून गेला. सही केलेला कागद जिथं होता तिथंच राहिला. आजही मोहल्ल्यात कुणी त्या पोराचं नाव काढलं की दुसरा हळूच हातानं पिण्याची खूण करतो. आम्ही तिघं तिथं होतो. आम्हीही तोंड उघडलं नाही. हेही ऐकून ठेवा.

गुलबानूखाला त्यानंतर चंदरशी एक शब्द बोलली नाही. रस्त्यात समोर आला तरी ती चालीत फरक करत नाही. तो बाजूला होतो.

त्याची नोकरी गेली. त्याच महिन्यात त्याचा उजवा कान दुखायला लागला. आधी पांढरा पडला, मग कड काळी झाली. बायकोनं ओढत अलिबागला नेलं. डॉक्टरनं बॅटरी मारून बराच वेळ बघितलं. दुसऱ्या डॉक्टरला बोलावून दाखवलं.

"थंडीनं जळालाय," तो म्हणाला. "बर्फात काम करता?"

चंदर म्हणाला, "न्हाय. फोनवर बसायचो."

डॉक्टरनं मलम लिहून दिलं. उपयोग झाला नाही. आज पहाटे तो जेट्टीवर माझ्या शेजारी बसला होता. काळी कड अजून तशीच आहे.